पटक्यातलं गोड

येरमाळ्याचा ईरण्णा सरळ माणूस म्हणून ओळखला जायचा. कापड मोजताना गज संपला तरी वर बोटभर सोडायचा, आणि गिऱ्हाइकानं घासाघीस सुरू केली की त्यालाच लाजल्यासारखं व्हायचं. थोरला भाऊ शंकरप्पा दुकानाची गादी सांभाळायचा. ईरण्णा तट्टावर गठ्ठे लादून भूमचा, कळंबचा बाजार करायचा. माल भरायला मात्र बार्शी गाठावी लागे. बार्शी इंग्रजांची, येरमाळा निजामाचा, आणि मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. नाक्यावरचे शिपाई गठ्ठे सोडून बघायचे, खिसे चाचपायचे. पण बाप्या माणसाच्या डोक्यावरच्या पटक्याला कुणी हात लावत नसे. ईरण्णानं आपली चोरी तिथंच लपवली.

चोरी बायकोसाठी खाऊ आणायची होती. एकत्र घर, वर थोरल्या वहिनी शांताक्का, त्यांची पोरंबाळं. अशा घरात नवऱ्यानं बायकोला दिवसाउजेडी हाकसुद्धा मारू नये, मग तिच्या एकटीसाठी काही आणणं तर लांबच. सगळ्यांसाठी आणावं, वहिनींच्या हातात द्यावं आणि त्या वाटतील ते बघावं, ही रीत. पण लग्न नवं असताना एकदा बार्शीला हलवायाच्या दुकानापुढं त्याचा पाय अडखळला. त्यानं दोन पेढे घेतले, पानात बांधून पटक्याच्या घडीत खोवले आणि घरी आल्यावर गोठ्याच्या मागं नीलम्माच्या हातावर ठेवले. नीलम्मा कमी बोलणारी. पदर तोंडाला लावून तिनं पेढा खाल्ला आणि हसली. ते हसू ईरण्णाच्या मनात असं बसलं की पुढं कुठल्याही बाजाराहून तो मोकळा आला नाही. कधी पेढा, कधी जिलबीचा वेढा, कधी बत्तासे. तोंडानं प्रेमाचा एक शब्द त्यानं कधी काढला नाही. त्याचं सगळं बोलणं त्या पटक्यातूनच व्हायचं.

अशी वर्षं गेली. पोरगी जळकोटला सासरी गेली, केस पिकले, पण गोठ्यामागची वाट सुटली नाही. जर्मनच्या लढाईच्या दिवसांत बार्शीच्या स्टेशनापाशी एका दुकानात चंदेरी कागदातलं चॉकलेट मिळायला लागलं. इवलीशी वडी, लपवायला सोपी. नीलम्मानं पहिल्यांदा ती जिभेवर ठेवली आणि म्हणाली, "कडू हाय का गोड, कळंनाच." वर्षातून एकदा, गावदेवी येडाईच्या यात्रेला, तो ते हमखास आणायचा. त्यांचं लग्न यात्रेच्याच आठवड्यात झालेलं. ते ध्यानात ठेवणारी घरात दोघंच होती.

लढाई संपली त्या साली नीलम्माला तहान सुटली. तांब्यावर तांब्या पाणी पिऊनही घसा कोरडाच. अंगावरचं मांस झडलं, आणि टाचेला काटा लागल्याचं निमित्त होऊन जी जखम झाली ती भरेना. कळंबहून हकीम आले. त्यांनी नाडी बघितली, जखम बघितली, न्हाणीच्या तोंडाशी लागलेल्या मुंग्यांची रांग बघितली आणि मान हलवली.

"खून में शक्कर हो गयी. बाई, गोड किती खाता?"

नीलम्मा खाली बघत राहिली. शांताक्काच बोलल्या, "आमच्या घरी सणावाराबिगर गोड कुठलं, हकीमसाब? ती तर पोळीसुदीक अर्धी खाती."

ईरण्णा दारात उभा होता. सांगायचं म्हणून त्यानं तोंड उघडलं होतं. पण थोरला भाऊ समोर, वहिनी समोर, शेजारची दोन माणसं समोर. इतक्यांदेखत, म्या इतकी वर्षं बायकोला चोरून चारतोय, हे कसं म्हणावं? त्यानं तोंड मिटलं.

हकिमांनी गूळ-साखर बंद केली, भात बंद केला. ईरण्णानंही मनाशी कानाला खडा लावला आणि पुढचा बाजार मोकळ्या पटक्यानं केला. नीलम्मा गोठ्यामागं आली, त्याच्या डोक्याकडं बघितलं आणि गवत घेऊन परत गेली. त्याच्याही पुढच्या बाजाराला तसंच. तिचं ते मुकाट परत जाणं त्याला सोसेना. एका पेढ्यानं काय होतंय, असं म्हणून त्यानं परत आणायला सुरुवात केली. नीलम्मानं तो हातात घेऊन क्षणभर त्याच्याकडं बघितलं आणि खाल्ला. त्यानं आणलेलं तिनं कधी नाही म्हटलं नव्हतं.

जखम चिघळत चालली. हकीम दुसऱ्यांदा आले तेव्हा रागावले. "बाई कुठून तरी मिठा खाती. माझं औषध खोटं नाही."

हकीम गेल्यावर शांताक्कांनी घरभर नजर फिरवली आणि ती गुळाच्या मडक्यावर थांबली. त्यांना ते थोडं हलकं वाटलं. पोरांनी खडे उचलले असतील, पण संशय नीलम्मावर आला. दुसऱ्या दिवशी गूळ पेटीत गेला, पेटीला कुलूप लागलं आणि किल्ली शांताक्कांच्या कमरेला. "तुझ्या जिवासाठीच करतीया गं," त्या म्हणाल्या, आणि ते खरंही होतं. पण बायकांत गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. विहिरीवर, देवळात, धाकटी गूळ चोरून खाती असं चालू झालं. नीलम्मानं एक अक्षर काढलं नाही. ईरण्णाच्या कानांवर ते यायचं तेव्हा तो मान खाली घालून तट्टाला चंदी चारत बसायचा. आज सांगू, उद्या सांगू करत वर्ष गेलं. सरळ माणूस म्हणून लोक रामराम घालायचे तेव्हा आता त्याला तो रामराम घ्यावासा वाटत नसे.

चैत्राची यात्रा आली. यंदा ऊन असं की तट्टाच्या खुराखालची धूळ भाजायची. ईरण्णा बार्शीहून थेट घरी पोचला तर ओसरीवर जळकोटचे व्याही धोंडप्पा येऊन बसलेले, यात्रेसाठी. त्याला हातपाय धुवायलाही न देता शंकरप्पानं शेजारी बसवून घेतलं. पटक्यात चॉकलेट होतं. आणावं का नाही यावर स्टेशनापाशी तो बराच वेळ घुटमळला होता, आणि शेवटी यात्रेचा दिवस म्हणून घेतलंच होतं.

नीलम्मा लंगडत पाण्याचा तांब्या घेऊन आली. गूळ-पाण्यातलं नुसतं पाणीच आलेलं बघून व्याही हसले. "काय वैनी, येरमाळ्यात गूळ म्हाग झाला का?"

आतून शांताक्का किल्ली सोडतच आल्या. "थांबा जरा, काढते. कुलपात ठेवावा लागतोय, व्याही. आमच्या धाकटीला हकिमानं गोड बंद केलंय, पर मन कुठं ऐकतंय. हात जातोय मडक्यात."

त्यांनी चेष्टेतच म्हटलं होतं. व्याही हसले, शंकरप्पा हसला. नीलम्मा तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. कुठं बघावं हे तिला कळेना. ईरण्णाही हसल्यासारखं करून जमिनीकडं बघायला लागला.

"पटका तरी काढा, किती घाम सुटलाय," व्याही म्हणाले.

"असू द्या," ईरण्णा म्हणाला.

तेवढ्यात शंकरप्पा दचकून उठला. "ईरण्णा, अरं डोकं फुटलंय का काय तुझं? रगत आलंय."

कानशिलावरून काळपट तांबडा ओघळ गालापर्यंत उतरला होता. ईरण्णानं हात वर नेला, पण भावानं आधीच पटका उचलला होता. घडीतून चंदेरी कागद ओसरीवर पडला. त्यातलं चॉकलेट वितळून केसांत, कपाळावर, पटक्याच्या पांढऱ्या कापडात पसरलं होतं. व्याह्यांनी बोट लावून वास घेतला.

"गोड हाय की हे," ते म्हणाले.

शांताक्का चंदेरी कागदाकडं बघत होत्या, मग नीलम्माकडं, मग ईरण्णाकडं. ईरण्णानं तोंड पुसलं नाही. ओघळ हनुवटीवर आला तसाच राहिला.

"वैनी," तो म्हणाला, "तिनं तुमच्या गुळाला कंदी हात लावला न्हाय. म्या आणतोय. पयल्यापासनं म्याच आणतोय. हकिमानं सांगितल्यावरबी म्याच आणलं."

"आन् इतके दिस म्या तिला चोर म्हणत होते, तवा गप का बसलात?"

शांताक्कांनी हातातली किल्ली नीलम्माच्या हातात ठेवली आणि डोळ्यांना पदर लावून आत गेल्या. त्या दिवशी घरातलं कुणी यात्रेला गेलं नाही. व्याही तेवढे एकटेच देवीला जाऊन आले.

तिन्हीसांजेला ईरण्णा गोठ्याकडं गेला. नीलम्मा म्हशीला पाणी दाखवत होती.

"आगं," त्यानं सुरुवात केली.

"तुमी आणलेलं म्या खाल्लं, ते माज्या राजीखुशीनं," ती म्हणाली. "त्यात तुमचा दोष म्या धरत न्हाय. पर ओसरीवर चेष्टा झाली तवा तुमीबी हसलात. म्या बघत होते."

एवढंच बोलून ती आत गेली. लग्नापासून ती त्याला इतकं कधी बोलली नव्हती.

त्यानंतर ईरण्णा किती तरी बाजार मोकळ्या हातानं आला. पटकाही त्यानं सोडला, नुसती टोपी घालायला लागला. गावात गोष्ट फुटली होतीच. पोरं मागून 'चाकलेट आप्पा' म्हणायची, आणि तो ते मुकाट ऐकून घ्यायचा; नीलम्मानं ऐकलेल्या बोलापुढं ते काहीच नव्हतं. एकदा कळंबच्या बाजारात तो हकिमांच्या दारात गेला आणि सगळं सांगून टाकलं. हकीम म्हणाले, "आणायचंच तर असं आण की जे तिला चालतं. फुटाणे आण. भाजलेल्या शेंगा, आवळे, वाळकं, कवळी काकडी आण. आणि जांभळं आली की जांभळं, मूठभरच. पण आणशील ते सगळ्यांदेखत दे."

शेवटचं वाक्य औषधापेक्षा कडू होतं.

पहिल्यांदा त्यानं भूमहून वाळकं आणली. भरल्या ओसरीवर, शंकरप्पा बसलेला असताना, त्यानं ती नीलम्मापुढं ठेवली. नीलम्मानं ती उचलून शांताक्कांना दिली, शांताक्कांनी पोरांना. नीलम्मानं फोडही खाल्ली नाही. फुटाणे आणले, तेही तसेच वाटले गेले. ईरण्णा आणत राहिला. ती खात नाही हे दर बाजाराला बघणं, ही शिक्षा त्यानं आपली आपणच लावून घेतली होती.

पुढल्या साली आषाढ लागायच्या सुमाराला तो बालाघाटाच्या डोंगरातल्या ओढ्याकाठची जांभळं वेचून घेऊन आला. पळसाच्या पानांत, वरून ओल्या फडक्यानं झाकलेली. नेहमीसारखीच सगळ्यांपुढं ठेवली आणि तो उठून तट्टाकडं जायला लागला. नीलम्मा दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. टाचेची जखम आता भरत चालली होती, पण पाय कायमचा आखडलेला राहणार हे दोघांनाही कळलं होतं. तिनं एक जांभूळ उचललं, पदरानं पुसलं आणि तोंडात टाकलं.

"अवं," ती म्हणाली. ईरण्णा थांबला, पण वळून बघायचा त्याला धीर झाला नाही.

"आतनं जरा मीठ आणा."

तो मिठाची वाटी आणायला आत गेला. चुलीपुढं शांताक्का बसल्या होत्या. त्याचे डोळे बघून त्यांनीच वाटी पुढं सरकवली.