भुताला गाव विचारलं

माझी शाळा चौथीत सुटली, आईबापांबरोबर ऊसतोडीला गेले म्हणून. लेक चौथीत आली तेव्हा तिला पाटोद्याकडच्या वसतिगृहात ठेवलं आणि आम्ही दोघं कर्नाटकात फडावर आलो.

पंधरा दिवस बरे गेले. मग एका बुधवारी दुपारी तिचा फोन आला. रडत होती. जुन्या किल्ल्यांतली भुतं दाखवायचा टीव्हीवरचा कार्यक्रम पोरींनी पाहिला होता. कुठल्याशा लढाईत मेलेला शिपाई अजून तटावर फिरतो म्हणे.

"आई, मला घेऊन जा. लई भ्याव वाटतंय."

आमचे मालक, म्हणजे लेकीचे वडील, म्हणाले, "रविवारी गावाकडून टेम्पो येणार हाय. त्यात बसवायला सांगतो. लेकराला कशापायी रडवायचं?"

एकदा इकडे आली की शाळा गेलीच, हे मला माझ्यावरून ठाऊक होतं. वसतिगृहाच्या बाईंना फोन लावून मी जरा चढूनच बोलले. त्या म्हणाल्या, "टीव्ही मी बंद केलाय. पण तिच्या मनातला शिपाई कसा बंद करू?"

मी तरी काय करणार, मीच भित्री. फडावर नवीन टोळी आली की आम्ही पहिलं गाव विचारतो, तेवढंच सुचलं. लेकीला म्हटलं, "अगं, त्याला गाव विचार की. घरी कोण कोण हाय ते विचार."

"भूत सांगत असतंय व्हय?"

"मग बाईंना विचार."

शुक्रवारी तिनंच फोन केला. बाईंनी सांगितलं होतं, तेव्हाचे पुष्कळ शिपाई शेतकरीच. दसरा झाला की मोहिमेवर जायचे, पावसाळ्याआधी घरी यायचे.

"म्हंजी तुमच्यावाणीच की, आई. त्याचं घरी जायचं राह्यलं, म्हणून फिरतोय. मी पोरींना सांगितलंय, त्याला भ्यायचं न्हाई."

"मग टेम्पोत बसतीस का?"

"कशाला? सोमवारी गणिताची चाचणी हाय."

असले कार्यक्रम लेकरांना दाखवावेत का, मला विचाराल तर एकटं बसवून नको. शेजारी सांगणारं माणूस पाहिजे. माझ्या लेकीला त्या बाई भेटल्या, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

तरी रविवारी टेम्पोचा आवाज आला तशी मी मोळी टाकून पळाले. लेकराचं मन, काय सांगता येतं. दोन बाया उतरल्या, भांडी उतरली, एक शेळी उतरली. मी आत वाकून पार कोपऱ्यापर्यंत पाहिलं.

मालक मागून आले. "न्हाई आली?"

"न्हाई आली," म्हटलं, आणि सगळ्या फडाला ऐकू जाईल एवढ्यानं हसले.