खुर्शिदच्या दुधाची फॅट

सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी वरवंडच्या दूध संकलन केंद्रात इम्तियाज मुलाणी फॅट मशीनसमोर उभा होता. पोपटराव आप्पांच्या म्हशीच्या दुधाला सहा पूर्णांक दोन फॅट लागली.

"काल सात होती. माझ्या म्हशीनं तुझं काय घोडं मारलंय रं?"

"मशीन खोटं बोलत न्हाई, आप्पा. चाऱ्यात सरकी कमी पडली आसंल."

"तुझ्या मशीनलाच चार सरकी," म्हणत आप्पांनी रिकामी किटली उचलली. मग आवाज खाली आणून विचारलं, "पोरगी कशी हाय?"

"हाय तशीच."

ही २००३ सालची गोष्ट. पोरगी दौंडच्या एका खासगी दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. दोन महिने आधी जन्मलेली. नाव ठेवलेलं नव्हतं. पायाच्या पट्टीवर फक्त आईचं नाव होतं. आई खुर्शिद, इम्तियाजची बायको, सिझरचे टाके चिघळल्यामुळे वरवंडला घरी पडून होती. ती दूध काढून बाटलीत भरायची. इम्तियाज बाटली बर्फात ठेवून डेअरीच्या टेम्पोनं दौंडला न्यायचा. तिथं ते नळीतून बाळाच्या पोटात जायचं. दीड किलो झाली की घरी सोडू, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पोरगी बाराशे ग्रॅमवर अडली होती आणि आदल्या दिवशी त्याच्याही खाली आली होती.

शेवटचा गवळी गेल्यावर इम्तियाजनं पिशवीतली खुर्शिदच्या दुधाची बाटली काढली. नमुन्यापुरतं दूध कुपीत ओतलं आणि कुपी मशीनला लावली. एक पूर्णांक नऊ. त्यानं मशीन धुऊन पुन्हा लावलं. एक पूर्णांक नऊ. गाईच्या दुधाला साडेतीनच्या खाली फॅट लागली की तो दूध परत करायचा. सख्ख्या मामाचंही केलं होतं.

घर केंद्राच्या मागंच. त्यानं जाऊन आकडा सांगितला.

"मी म्हणतच होते," त्याची आई हलिमाबी म्हणाली, "हिच्या अंगात हायच काय? म्हशीचं घाल थोडं. तुलाबी तेच पाजलंय."

खुर्शिदनं भिंतीकडं तोंड केलं.

टेम्पो सुटायच्या आत इम्तियाजनं बाटलीत केंद्राच्या कॅनमधलं म्हशीचं दूध घातलं. निम्म्याला निम्मं.

दवाखान्यात ललिता सिस्टरनं बाटली खिडकीच्या उजेडात धरली. "आज एवढं पांढरं कसं?"

"तिचंच हाय."

सिस्टरनं दूध सिरिंजमध्ये ओढलं, सिरिंज नळीला जोडली. इम्तियाज काचेच्या दाराबाहेर उभा होता. त्यानं दारावर थाप मारली.

"सिस्टर, थांबा!"

त्यानं सगळं सांगितलं. सिस्टरनं सिरिंज आणि बाटली दोन्ही बेसिनमध्ये रिकामी केली.

"इम्तियाजभाई, ही डेअरी न्हाई. कागदासारखी आतडी हायेत तिची. हे आत गेलं असतं तर पोट फुगून बसलं असतं. मग डॉक्टर तरी काय करणार?" मग तिनं विचारलं, "बाटली कशी भरती ती?"

"दोन्हीकडचं थोडं थोडं. टाके दुखतात, बसवत न्हाई तिला."

"म्हंजी नुसत्या पहिल्या धारा. गाईच्या पहिल्या धारांना किती लागती तुमची फॅट?"

याचं उत्तर तो गवळ्यांना रोज देत असे: कास पुरती मोकळी करा, खरी फॅट शेवटच्या धारांत असते.

त्या दिवशी पोरगी नुसत्या सलाइनवर राहिली.

दुपारी तो घरी परतला तेव्हा पुढच्या खेपेची बाटली कोरडीच होती. सकाळपासून खुर्शिदनं दूध काढलंच नव्हतं.

"ते मशीन गाईचं हाय," तो म्हणाला.

"मग मला का लावलं?"

खुर्शिद हळूहळू उठून बसली. "मला तिकडं न्या."

"टाके ओले हायेत. कुरकुंभपतूर खड्डे हायेत नुसते."

"उशी घेते पोटाशी."

दुसऱ्या दिवशी ती टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून दौंडला आली. ललिता सिस्टरनं तिला पेटीजवळ खुर्ची दिली आणि पेटीच्या भोकातून हात आत घालायला सांगितला. पोरीनं आईचं बोट धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. बराच वेळ दूध उतरेना. नुसते थेंब आले. मग चमचाभर आलं, मग आणखी थोडं. शेवटचं दूध सिस्टरनं वेगळ्या वाटीत घेतलं आणि नळीतून आधी तेच दिलं. पोट फुगलं नाही. पण त्या सकाळी, हे दूध देण्याआधी केलेल्या वजनात काटा आदल्या दिवसापेक्षाही खाली होता, आणि अंगावर दूध पुरेसं येईल की नाही, हे सिस्टरलाही सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो पावणेसातला सुटणार होता. ड्रायव्हरशेजारची जागा खुर्शिदसाठी ठेवली होती. दवाखान्यात वजन आठ वाजता, पहिलं दूध देण्याआधी व्हायचं; काटा वर गेला का, ते तेव्हाच कळणार होतं.