चाळीस दिवसांचे नेम आणि एक अस्वल

माणूस सुधारायला निघाला की किस्से होतातच. आणि आमच्या मंडळीत इस्टरच्या आधीचे चाळीस दिवस सगळेच एकदम सुधारायला निघतात! अहेरीकडचं आमचं गाव, प्रार्थनेला येणारी मोजकी घरं, पण किस्से एका बैठकीत संपायचे नाहीत.

यंदा पास्टरांनी एकेकाला एकेक नेम वाटून दिला. त्यांना काळजी मात्र एकच होती. रूथबाई आणि त्यांची धाकटी जाऊ मार्था तीन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. रूथबाईंच्या नातवाच्या बाप्तिस्म्याचं बोलावणं मार्थाला उशिरा गेलं, एवढंच कारण! मनात राग ठेवून प्रभुभोजनातला द्राक्षरस घ्यायचा नाही, म्हणून दोघी प्याला ओठाला न लावताच पुढे द्यायच्या. ते बघून मला फार वाईट वाटायचं.

*

शामुवेलभाऊंना उपवास मिळाला, आमचा, म्हणजे दिवसभर काहीच खायचं नाही. पहिल्याच शुक्रवारी शेजारच्या काकूंना ते कळलं. बिचारीने मोठ्या भक्तिभावाने साबुदाण्याची खिचडी पाठवली. भाऊंनी दोन ताटं संपवली!

पास्टर म्हणाले, "भाऊ, उपास होता न?"

"मंग? उपासाचंच तं खाल्लं!"

*

मला मिळाली पहाटेची प्रार्थना. मी शिंपी माणूस, दिवसभर मशीनवर वाकलेला. पाच वाजता गुडघे टेकले, डोळे मिटले, आणि थेट सातला उघडले. अंगावर चादर होती.

बायको चहा घेऊन उभी. म्हणाली, "लय मनापासून प्रार्थना करून राह्यले होते. अंगणापर्यंत आवाज येत होता!"

*

गुप्त सेवा मात्र सगळ्यांनाच होती. कोणाला कळू न देता एक चांगलं काम करायचं. शनिवारी उजाडायच्या आत मी खराटा घेऊन प्रार्थनाघरात गेलो, तर आत शामुवेलभाऊ, खराट्यासकट! मागून मार्था आली, तिच्यामागून आणखी तिघं. सगळ्यांचे चेहरे पडले.

शेवटी भाऊंनी निकाल दिला, "कोणी कोणाले पाह्यलं नाई. झाडा!"

त्या दिवशी प्रार्थनाघर सहा वेळा झाडून निघालं.

*

आता रूथबाई. मार्था सोडून त्या गावातल्या प्रत्येकाशी बोलायच्या, म्हणून पास्टरांनी त्यांना एक दिवसाचं मौन दिलं. पण दिवस मोहफुलांचे! आमच्याकडे बाया फुलं वेचायला रानात जातात त्या मोठमोठ्याने बोलत, म्हणजे जनावर आवाज ऐकून दूर राहतं. त्या सकाळी रूथबाई तोंड मिटून वेचत होत्या. बाकीच्या बाया लांब पांगलेल्या; पलीकडच्या झाडाखाली मार्था, मान खाली घालून. आणि तिच्या पाठीमागे झुडपातून अस्वल निघालं. त्यालाही मोहफुलंच हवी होती.

"मार्थाऽऽ! पळ वं! मांगं अस्वल हाये!"

बायांनी आरडाओरडा केला, डबे बडवले. अस्वल गेलं. रूथबाईंनी मार्थाला घट्ट धरून ठेवलं होतं.

मार्थाला दम लागला होता, तरी म्हणाली, "बाई, तीन वर्सांनी तोंड उघडलं, तेबी अस्वलासाठी!"

आधी दोघी रडल्या, मग हसल्या. फुलं तिथेच सांडून राहिली.

*

इस्टरच्या रविवारी प्रभुभोजन होतं. दोघी शेजारी बसल्या होत्या. प्याला रूथबाईंच्या हातात आला आणि गाणाऱ्यांचाही सूर थांबला. त्यांनी डोळे मिटले, प्याला ओठाला लावला. आता खाली घेतील, मग घेतील, आम्ही बघतोय. डोळ्यांतून पाणी वाहतंय, पण प्याला काही खाली येईना.

एवढ्या शांततेत मार्थाचा आवाज आला, "बाई, तीन वर्साची तहान आजच भागवता का? मलेबी ठेवा थोडं!"