सरूबाईचं विनानांगराचं रान

आमच्या गावात माणसाची अब्रू दोन जागी बघतात. एक अंगणात, दुसरी उन्हाळ्यातल्या रानात. रान कसं काळंभोर पाहिजे, एक काडी दिसता कामा नये. सोयरिकीला आलेले पाव्हणे चहा मागनं घेतात, आधी बांधावर जातात. म्हणून सरूबाईच्या तनुजाचं लग्न जमणं अवघड आहे, हे पारावर मी सगळ्यांच्या आधी सांगून ठेवलं होतं.

सरूबाई ही कडूबाची बायको. कडूबा चिकलठाण्याला कंपनीत पाळीवर जातो, शेती बघते ती. एका साली ट्रॅक्टरवाल्यानं ‘आज येतो, उद्या येतो’ करत पार पेरणी गाठली. वैतागून हिनं जुन्या वरंब्यांवर तशीच सरकी टोचली. कापूस शेजाऱ्यांइतकाच आला. तेव्हापासून बाईनं नांगर बांधाच्या आत घेतला नाही. कापसाची वाळली पऱ्हाटी जमिनीलगत कापायची, मुळं मातीतच राहू द्यायची, काड्यांचे तुकडे नि तुरीचा पाला तिथंच पसरायचा. दौलताबादच्या किल्ल्यामागची आमची जमीन मुरमाड. वैशाखात वारं सुटलं की माती घरोघर जाऊन बसते. हिची मात्र पांघरूण घेऊन जागच्या जागी. पण दिसायला? न्हाव्याच्या खुर्चीतनं अर्ध्या दाढीनं उठून आलेल्या माणसासारखं. त्या कचऱ्यात तनुजाचं हरवलेलं पैंजण नातवंडांना सापडेल, ही आवई माझीच.

स्थळ होतं पैठणकडच्या माऊलींच्या पोराचं, प्रणयचं. पोरगा-पोरगी क्रांती चौकातल्या क्लासात आधीच एकमेकांना पसंत करून बसलेली. हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, फक्त दोघांच्या बापांना नव्हतं. पोरीचा जीव तिथं अडकलेला, म्हणून सरूबाईचा दीर बद्रीनाथ सारखा मागं लागला होता, की वहिनी, एकदा रान साफ करू द्या. बद्रीनाथ सरपंचकी हरला, पण मिशा अजून सरपंचाच्याच ठेवतो. वहिनीनं साफ नाय म्हटलं.

पाव्हणे यायच्या दिवशी सरूबाई पुरण वाटत होती, तेवढ्यात रस्त्याकडनं धूर दिसला. बद्रीनाथनं रस्त्यालगतच्या अर्ध्या रानातली काडी गोळा करून पेटवली होती, नि वर स्वतःचा नवा ट्रॅक्टर घातला होता. बाई पुरणाच्या हातानं पळत आली, ट्रॅक्टरची किल्ली काढून कमरेला खोचली आणि परत चुलीकडं गेली. बद्रीनाथ घरी चालत गेला. ते बघायला मी मुद्दाम वाटेवर थांबलो होतो.

माऊली आले, बांधावर उभे राहिले. साफ तुकडा बघून खूश झाले नि विचारलं, की पलीकडचं पडीक कुणाचं. बद्रीनाथ लगेच म्हणाला, चुलत्याचं.

पाण्याचा तांब्या घेऊन आलेली सरूबाई म्हणाली, “दोन्ही माझंच हाय. ह्यो तुकडा भावजींनी जाळला. त्यो माझ्या हातचा.”

माऊली पाणी प्यायले आणि दिवाळीनंतर बघू म्हणाले. आमच्याकडं याचा अर्थ लहान पोरालाही कळतो.

तनुजा आईशी बोलेना. शेवटी एकदा फुटली. “तुला रान प्यारं का मी?”

“खोटं सांगून दिली असती, तर जलमभर तेच खोटं निस्तरत बसली असतीस,” सरूबाई म्हणाली. पण त्या रात्री ती जेवली नाही, हे शेजारच्या मालनबाईनं आमच्या घरी येऊन सांगितलं.

मृगात तिनं दोन्ही तुकड्यांत एकच बियाणं टोचलं. मग श्रावणात पावसानं अशी ओढ दिली की माणसं आभाळाकडं बघायची सोडून एकमेकांची तोंडं बघू लागली. नांगरलेल्या तुकड्यातली कपाशी दुपार व्हायच्या आत माना टाकायची. पाल्याखालची उभी होती. थोडी दमलेली, पण उभी.

त्याच श्रावणात माऊली भद्रा मारुतीच्या दर्शनाला म्हणून निघाले आणि थेट सरूबाईच्या बांधावर येऊन थांबले. पाच कोसांवरचा मारुती ताटकळत राहिला. त्यांची स्वतःची कपाशी घरी करपत होती. चपला काढून ते आत शिरले, पाला बाजूला केला, मातीत हात घातला. ओल बोटांना लागली. उकिडवे सरकत त्यांनी आणखी दोन जागी पाला उकरून बघितला.

“विहीणबाई,” उठता उठता म्हणाले, “एवढा पालापाचोळा आमच्या रानात पसरायचा म्हणजे एकट्याच्यानं व्हायचं नाय.”

विहीणबाई म्हटल्याबरोबर बांधावरची तनुजा आत पळाली.

सरूबाईनं पदर सावरला. “पोरगी येईल की. पर आधी तुमचा नांगर कुठं ठेवता ते सांगा.”

माऊली हसले. नांगर गोठ्याच्या पत्र्यावर टाकायचं ठरलं, नि लग्न मार्गशीर्षात.

आता बद्रीनाथ पारावर सांगत फिरतो, की अर्धं रान आपण मुद्दामच जाळलं होतं, फरक कळावा म्हणून. यंदा त्याच्याही रानात पऱ्हाटी तशीच पडलेली आहे. त्याला कुणी काही विचारलं, तर मजूर मिळाले नाहीत म्हणतो.