लालला लाल, पिवळीला पिवळी

आमच्या समोरच्या दारातल्या काकांइतका सावकाश माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा झाला नसेल. कात्रजच्या चौकात सिग्नल सुटायच्या आधीच मागचा माणूस हॉर्न वाजवतो. त्याच चौकात रस्ता ओलांडताना काका मधल्या दुभाजकावर थांबून आभाळ बघत. जिना चढताना ते प्रत्येक मजल्यावर उभे राहत, आणि तेही दम लागला म्हणून नव्हे, तर इतक्या लवकर वर जाऊन करायचं काय म्हणून. चहा प्यायला बसले की कपावरची साय न मोडता खालचा चहा संपवायचा, असा त्यांचा काहीतरी आपल्याशीच पण असावा. तेवढ्या वेळात काकूंचा कुकर होऊन जाई. मग काकू म्हणत, "तुमचा सकाळचा चहा जेवणाआधी व्हायचाय की नंतर, तेवढं सांगा. त्या बेताने पानं घेते."

अशा माणसाला नाद होता मोटरच्या बोटींचा. खऱ्या नव्हेत, हातभर लांबीच्या, पाण्यात सोडून काठावरून रिमोटने चालवायच्या. आयुष्यभर एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करून निवृत्त झालेले. ते म्हणायचे की नशिबात जेवढा वेग लिहिला होता तेवढा तिथे ऐकून झाला, आता उरलेलं हळू. त्यांच्या गॅलरीत एक टेबल होतं, त्यावर फळीचे तुकडे, वायरी, पंखे, आणि कडेला पाण्याने भरलेला प्लॅस्टिकचा टब. दुपारी सगळी इमारत झोपली की काका त्या टबात बोट सोडून बसत. टबाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला बोटीला किती वेळ लागतो ते बघत, आणि कालच्यापेक्षा जास्त लागला की खूश होत.

मी फॉल-पिकोचं काम करते. दाराशी मशीन, दार अर्धं उघडं, म्हणजे उजेड येतो आणि कुणाशी बोलावं लागत नाही. तीन वर्षं मी त्या दारात राहून काकांशी "काकू आहेत का" याच्या पुढे बोलले नव्हते. एक दिवस काकूच त्यांना घेऊन आल्या. काकांचा हात अलीकडे थरथरायचा. काकू म्हणाल्या, "ह्यांना सुई ओवता येत नाही आणि निघालेत आगबोट बांधायला. तुझे हात चांगले आहेत. बघ गं जरा." मी मान हलवली. तेवढ्यावर मी बोटवाली झाले.

काकांनी मला आधी सासू दाखवली. बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये एक काडेपेटीएवढी डबी बसवावी लागते. रिमोटची काडी जितकी ढकलावी तेवढीच वीज ती डबी मोटरला जाऊ देते, म्हणजे बोट किती जोरात जायची ते तीच ठरवते. दुकानात तिला स्पीड कंट्रोलर म्हणतात. काका म्हणाले, "ताई, हे बघा. बॅटरी म्हणजे माहेर. मोटर म्हणजे सून. माहेराहून येईल ते सगळं आधी सासूच्या हातात, मग सुनेला. म्हणून सासू निवडताना एकच बघायचं. सून जास्तीत जास्त किती मागेल ते काढायचं आणि सासू त्याच्या दुपटीची घ्यायची. सून बारा अँपियर मागत असेल तर सासू पंचवीस-तीसची. काठावरची सासू जळते." आतून काकू म्हणाल्या, "सुनेने किती मागितलं ते मोजतात होय? आमच्या वेळी मीटरच नव्हतं."

हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते सांगायचं राहिलं. काकू दर त्रिपुरी पौर्णिमेला कात्रजच्या तलावात दिवा सोडत. पानाच्या द्रोणात पणती ठेवून पाण्यावर सोडायची. पण दर वर्षी दिवा हातभर लांब गेला की विझे. त्यातच काकूंचं कमरेचं हाड मोडलं आणि मागच्या वर्षी त्या गेल्याच नाहीत. नागपूरची मुलगी दोघांना कायमचं बोलवत होती. काकू टाळत होत्या. एकदा त्या म्हणून गेल्या, "एक दिवा पलीकडे पोचू दे, मग मी कुठेही येते." काकू हे चेष्टेत म्हणाल्या. काकांनी ते टेबलावर लिहून ठेवलं. या त्रिपुरीला दिवा पलीकडे न्यायचा, आणि मग नागपूर. बोट त्यासाठी होती, आणि म्हणून ती हळू हवी होती. बोट धक्का देऊन सुटली की ज्योत गेलीच.

काका बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाच्या पायरीवर उभे राहून सगळ्यात हळू चालणारा कंट्रोलर मागत. दुकानदार म्हणाला, "काका, हळूच जायचंय तर मोटर कशाला घेता? नुसती बोट घ्या." काकांना हे पटण्यासारखं वाटलं आणि ते त्यावर पायरीवर उभे राहून बराच विचार करत होते, असं त्यांनीच आम्हाला सांगितलं. पहिली सासू आणली ती विमानाची निघाली. रिमोटची काडी जरा ढकलली की बोट उडी मारायची. पणती टबात. शिवाय विमानाला मागे जायचं नसतं, म्हणून तिला उलटं फिरवणं येत नव्हतं. काका म्हणाले की परतीचा रस्ता माहीत नसलेली सासू घरात ठेवू नये. दुसरी फार नाजूक होती. पंख्यात सुतळी अडकली तेव्हा मोटरने जास्त मागितलं आणि सासूबाई टेबलावर धूर काढून बसल्या. तीन जिने वास गेला. तिसरी मात्र खास बोटीसाठीची, पुढे-मागे दोन्ही जाणारी. तिने बोट अशी हलवली की पाण्याला कळलं नाही. काका टबाशी बसून राहिले. मी हातातली साडी विसरले. कितीतरी वेळ आम्ही तिघं त्या टबाकडे बघत होतो आणि बोट आपली चालली होती, झोपेतलं माणूस कूस बदलतं तशी.

बॅटरी जोडली की ती डबी टूं-टूं-टूं असं तीनदा वाजायची. सगळं ठीक आहे असा त्याचा अर्थ. काका प्रत्येक वेळी तिला "हो, हो, आहोत आम्ही" असं उत्तर देत आणि ती थांबेपर्यंत कुणालाही बोलू देत नसत. काकू म्हणत, "एवढा मान मला सप्तपदीलाही मिळाला नाही."

डाख द्यायचं काम माझं. तापलेल्या सळईने कथील वितळवून वायरीला छोटी सोनेरी टोकं जोडायची, म्हणजे नंतर टोकात टोक खोचलं की झालं. सासूच्या तीन वायरी, लाल, पिवळी, काळी. मोटरच्याही तीन, त्याच रंगांच्या. मी पहिल्यांदा लालला लाल, पिवळीला पिवळी, काळीला काळी लावली. साडीला रंग जुळवूनच फॉल लावतात, माझ्या हाताला दुसरं माहीत नाही. तर बोट उलटी चालली. काका हसले. म्हणाले, "या तिघींच्या रंगाला काही अर्थ नाही ताई. तिघींपैकी कुठल्याही दोघींची अदलाबदल करा, उलटी फिरणारी सुलटी फिरते." मी पिवळी काळीत आणि काळी पिवळीत घातली. बोट सरळ चालली. त्यांनी मला एक वही दिली आणि ते लिहून ठेवायला लावलं. चौथीत शाळा सुटल्यानंतर मी वहीत लिहिलेलं पहिलं वाक्य ते. लालमध्ये लाल, पिवळीत काळी, काळीत पिवळी.

शेवटचा डाख देताना माझ्या मनात आलं की हा सांधा जरा कच्चा राहू दिला तर. बोट मध्येच थांबेल, दिवा पोचणार नाही, आणि समोरचं दार बंद होणार नाही. मनात आलं, आणि मला माझीच भीती वाटली. मी तो सांधा उकलला आणि पुन्हा दिला, पहिल्यापेक्षा पक्का.

एक अडचण मात्र सुटेना. काकांनी बोटीवर पणतीसाठी तीन बाजूंनी बंद कोनाडा केला होता, त्याचं तोंड पुढे. त्यांचं म्हणणं, दिवा वाट बघत पुढे जाणार. काकूंनी विचारलं होतं, "आणि मला काय दिसणार? त्याची पाठ?" काका म्हणाले, पलीकडून वळवून परत आणताना तोंड दिसेल. टबात दिवा टिके, पण तलावावर नेऊन पाहिलं की दहा-पंधरा हातांवर विझे. काकांनी सासूच्या हळूपणात आणखी हळूपणा भरला, तेल बदललं, वात बदलली. तरी विझेच. त्रिपुरी आली.

आम्ही रिक्षाने गेलो. काकूंना पायरीवर खुर्ची टाकून बसवलं. तिथून समोरचा दगडी काठ जवळ दिसतो, पण सांजवेळी पाणी आहे त्याहून रुंद वाटतं. काठाने बायका पणत्या लावत होत्या. काकांनी बोट मांडीवर घेतली आणि बघतात तो रिक्षाच्या हेलकाव्यांनी तिन्ही टोकं सुटलेली. त्यांचा हात त्या दिवशी फारच थरथरत होता. त्यांनी बोट माझ्याकडे दिली. भोवती माणसं जमलेली, सगळी माझ्याकडे बघतायत असं वाटून माझ्या कानात आवाज यायला लागला. वही घरी राहिली होती. मी खाली मान घालून टोकं खोचली, झाकण लावलं. डबी तीनदा वाजली. काकांनी "हो, हो" म्हटलं. काकूंनी पणती कोनाड्यात ठेवली आणि काकांनी काडी पुढे ढकलली.

बोट पाठीच्या बाजूने निघाली.

मला तेव्हाच कळलं की हाताने रंग जुळवले. लालला लाल, पिवळीला पिवळी. त्या कच्च्या सांध्याचा विचार आठवला, आणि वाटलं की काकांना वाटणार, हिने मुद्दाम केलं. मी म्हणाले, "काका, चुकलं माझं. परत घ्या." काका काडी सोडायला निघाले, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "थांबा. जाऊ दे तिला."

दिवा आमच्याकडे तोंड करून लांब जात होता. कोनाड्याची बंद पाठ आता पुढे झाली होती आणि समोरचा वारा तिच्यावर अडत होता. दहा हात झाले, पंधरा झाले. ज्योत हलेना. इतके महिने वारा तोंडातूनच आत जात होता, आणि आम्ही सासूला बोल लावत होतो. पाण्यावर उजेडाची एक पट्टी पडली होती, दिव्यापासून काकूंच्या पायापर्यंत, आणि दिवा जसा लांब जाई तशी ती लांब होई. काठावरच्या बायकाही बघत उभ्या राहिल्या. काका काडीवर बोट ठेवून होते, आणि मला आठवतं, त्या वेळी त्यांचा हात थरथरत नव्हता. किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. दिवा पलीकडच्या दगडाला टेकला, तसा काकूंनी श्वास सोडला.

"मी म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "तोंड माझ्याकडे असू दे."

काका म्हणाले, "हो. म्हणाली होतीस खरी." आणि मग माझ्याकडे बघून, "ताई, वहीत खोडा ते."

बोट परत आली तेव्हा दिवा विझला होता. तोवर काकूंना मी रिक्षात नेऊन बसवलं होतं, त्यांनी ते पाहिलं नाही. पुढच्या आठवड्यात ट्रक आला. काकांनी जिना उतरताना प्रत्येक मजल्यावर थांबून घेतलं. ड्रायव्हर खालून हॉर्न वाजवत होता.

परवा दुपारी फोन आला. मी फोनवर बोलत नाही, पण नागपूरचा म्हणून घेतला. तिथेही तलाव आहे, काकांनी नवी बोट बांधली आहे, नात डाख देते. त्यांना वायरींचा क्रम हवा होता. तो त्यांना येत नसेल असं नाही. मी वही आणली आणि वाचून दाखवलं, पहिली ओळ खोडलेली, तिच्याखाली त्रिपुरीनंतर लिहिलेली. लालला लाल, पिवळीला पिवळी, काळीला काळी. मागून काकू म्हणाल्या, "मॅचिंगच म्हणावं. तिला विचारायला कशाला लागतं?" मग डबीचा आवाज आला, टूं, टूं, टूं, आणि आम्ही तिघंही तो थांबेपर्यंत गप्प राहिलो. थांबल्यावर काकांनी "बरं, ताई" म्हटलं आणि फोन ठेवला.

इकडे कधी येणार, हे विचारायचं राहून गेलं.