दारातली झडती

कॉलेजच्या वाचनालयाच्या दाराशी ज्या बाई बसत, त्यांना मुलं पाठीमागे जकातनाका म्हणत. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. बाईंचं तोंड कधी पोळलं नव्हतं, तरी त्या साधं पाणीही फुंकून प्यायच्या. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची पिशवी तपासायची, मग तो पहिल्या वर्षाचा पोरगा असो की प्राचार्य. गणिताचे सर तर रोज आपणहून पिशवी पुढे करत. "बघून घ्या बाई, आज तुमचं कपाटच नेतोय." बाई हसायच्या आणि पिशवीत हात घालायच्याच. घरी नवऱ्याने न सांगता चहा केला, तरी यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकायची.

बंद पडलेलं हृदय झटका देऊन चालू करायचं यंत्र दाराशेजारच्या भिंतीवर बसवलं, तेव्हा त्याच्या पेटीला कुलूप नाही हे बाईंनी लगेच हेरलं.

"म्हणजे कुणीही काढणार?"

"कुणीही काढावं म्हणूनच आहे ते," बसवणारा म्हणाला.

असला कारभार बाईंच्या पचनी पडणारा नव्हता. पेटी नजरेखाली राहावी म्हणून त्यांनी आपली खुर्चीच फिरवून घेतली.

एका दुपारी पेटीचा भोंगा ठणाणा वाजू लागला. एक मुलगी यंत्र छातीशी धरून दाराकडे पळत होती. मागे एकदा न नोंदवलेलं पुस्तक नेताना बाईंनी पकडलेली तीच ही. बाई दारात आडव्या झाल्या.

"ठेव ते खाली."

"बाई, जाऊ द्या. मैदानावर सर पडलेत, श्वास चालत नाहीये."

"कुठले सर? आणि तुलाच बरं पाठवलं?"

"गणिताचे. सोडा ना."

"आधी ओळखपत्र ठेव."

मुलगी रडायला लागली. रडणं बाईंनी पुष्कळ पाहिलं होतं. यंत्राचा पट्टा त्यांनी धरला तो धरलाच. बऱ्याच ओढाताणीनंतर म्हणाल्या, "चल, पण हे माझ्याच हातात राहील."

मैदानावर सर खरंच पडले होते. घामाघूम झालेला शिपाई त्यांची छाती दाबत होता. मुलीने यंत्र हिसकावून घेतलं, सरांच्या शर्टाची बटणं तोडली आणि यंत्राच्या चिकटपट्ट्या छातीवर लावल्या. यंत्र बोलू लागलं, कुणी हात लावू नका म्हणालं. हे तरी खरं कशावरून, असं बाईंना वाटलंच. झटक्याने सरांचं अंग उसळलं. शिपाई पुन्हा छाती दाबू लागला. रुग्णवाहिका येईपर्यंत सर घरघरत का होईना, श्वास घेऊ लागले होते.

सर वाचले. बाई दवाखान्यात भेटायला गेल्या, तेव्हा सरांनी बायकोला विचारलं, "या कोण?" तिने सांगितलं. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा तेच विचारलं.

"मेंदूला प्राणवायू मिळायला उशीर झाला म्हणे," सरांची बायको हळूच म्हणाली. "पण जीव वाचला, हेच खूप."

बाईंना तिथे बसवेना. जिन्यात ती मुलगी भेटली, सरांना बघायला वर येत होती.

"मी तुला किती वेळ अडवलं गं?" बाईंनी विचारलं.

मुलगी जरा थबकली. "छे, कुठे बाई. लगेच तर निघालो आपण. त्याने काही फरक नाही पडला."

खोटं बोलणारं पोर बाईंना चेहऱ्यावरून कळायचं, त्यातच त्यांची नोकरीची सगळी वर्षं गेली होती. मुलगी त्यांच्या नजरेला नजर देत नव्हती. बाई कठड्याला टेकून बाजूला झाल्या आणि त्यांनी तिला जाऊ दिलं.