हराळीत रोटा

दैवशालाच्या घरामागची जागा, गोठा शेतात नेला तेव्हापासून, नुसती पडून होती. काँग्रेस गवत, आघाडा, वेड्या बाभळी आणि सगळ्या गल्लीच्या फुटक्या बादल्या.

मी तिची शेजारीण. एकाच साली आम्ही दोघी इथं सून म्हणून आलो, त्यामुळं तिचं घर मला आतून माहीत आहे. तिचा नवरा उत्तरेश्वर वाईट माणूस नाही. दारू नाही, शिवीगाळ नाही. पण शेतात सोयाबीन पेरायचं की उडीद, हे त्यानं बायकोला एकदाही विचारलं नाही. पेरायला ती, खुरपायला ती, काढायला ती आणि ठरवायला हा. मला याची तिच्यापेक्षा जास्त चीड येते.

यंदा दिवाळी झाल्यावर ती म्हणाली, "ही जागा म्या साफ करणार. आन् इथं काय लावायचं ते बी म्याच ठरवणार."

उत्तरेश्वर हसला. "कर की," म्हणाला.

तिनं केलं. काँग्रेस गवतानं हात खाजून लाल झाले, बाभळीच्या काट्यांनी ओरखडे निघाले. खाली सापडली हराळी. ती वरून कापून भागत नाही. मातीखाली तिच्या काशा, म्हणजे गाठीच्या पांढऱ्या मुळ्या, लांबवर पळतात आणि एक तुकडा राहिला तरी फुटतो. म्हणून कुदळीनं ढेकूळ उलटायचं, काशी अख्खी ओढायची आणि उन्हात टाकायची. शेतातून आल्यावर ती रोज हेच करायची. अर्धी जागा झाली होती.

तेवढ्यात ती भाचीच्या लग्नाला परंड्याला गेली, आणि उत्तरेश्वरला प्रेमाचा उमाळा आला. त्यानं रामहरीचा ट्रॅक्टर बोलावून सगळ्या जागेवर रोटाव्हेटर फिरवला, तिनं साफ केलेल्या अर्ध्यावरसुद्धा. मी भिंतीवरून ओरडले, "भाऊजी, हराळी हाय तिथं!" ट्रॅक्टरच्या आवाजात ऐकतो कोण! हराळीत रोटा घालू नये, हे काय शेतकऱ्याला सांगावं लागतं? पण आता सगळ्यावर तणनाशक मारायची सवय. डोकं वापरायची वेळच येत नाही. काशांचे तुकडे तुकडे झाले आणि जागाभर पसरले.

ती परतली तेव्हा हा दारात उभा. "बघ, तुझं काम करून टाकलं."

तिनं मूठभर माती उचलली. मातीत पांढरे तुकडेच तुकडे. मग तिचा जो आवाज मी ऐकला, तो इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता.

"मला इचारलं?"

"अगं, तुझ्यासाठीच तर—"

"माझ्यासाठी न्हाय! माझ्या हातनं एक काम व्हायलंय ते तुमाला बघवंना. शेत तुमचं, पीक तुमचं. एवढीशी जागा माझी म्हणलं, तर तिथंबी तुमचाच रोटा!"

"तणनाशक मारू की."

"मारून बघा." तिनं आतून खुरपं आणून त्याच्या पायाशी आपटलं. "तुकडा न् तुकडा येचा. न्हायतर तुमच्या शेतात म्या पाय ठेवणार न्हाय."

आमच्याकडं पुरुष खुरपं धरत नाही. औत हाकील, फवारा मारील, पोतं उचलील, पण खुरपणी बायांची. त्यात ही जागा रस्त्याला लागून. संध्याकाळपर्यंत खुरपं तिथंच पडून होतं.

सकाळी बघते तर उत्तरेश्वर मातीत बसलेला. बसायचं कसं तेही धड कळेना, सारखा कुशीवर कलंडत होता. रामहरीनं मोटारसायकल थांबवली. "काय उत्तरेश्वर, बायांच्या टोळीत नाव घातलं का?"

दैवशाला कमरेवर हात ठेवून उभी होती. "भाऊजी, टॅक्टर तुमचाच व्हता ना? दुसरं खुरपं हाय घरात. या."

रामहरीनं गाडीला किक मारली. मी मोठ्यानं हसले, त्याला ऐकू जावं म्हणूनच.

बराच वेळ गेला. मान वर न करता उत्तरेश्वर हळूच म्हणाला, "इथं लावायचं काय मग?"

मला वाटलं, आता ही विरघळणार. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं होतं त्यानं.

"ते म्या बघते," ती म्हणाली. "तुमच्या गुडघ्याखाली काशी हाय, ती काढा."